तू पाहिलेला ऑक्टोपस

कुणकेश्वर,
माघ वद्य द्वितीया

प्रिय सुमे,

आठ महिने पत्र नाही. चूक माझी, हवं तेवढं रागाव. गुडघा बरा आहे, आई ठीक. आता ऐक. नववीत तू खरं बोलत होतीस.

देवळापलीकडच्या कातळात ऑक्टोपस पाहिला म्हणालीस. जागा दाखव म्हटलं तर दाखवेनास, म्हणून मी तुला वर्गभर थापाडी ठरवलं. (माझं खोडरबर लाटलंस तो वाद वेगळा, तो मिटलेला नाही.) परवा पौर्णिमा. तुझ्या आबांचा हिशोब, तिथीची पाऊणपट: पंधरावी तिथी, म्हणून भरती सव्वाअकराला, म्हणजे सहा तासांनी पूर्ण सुकती सव्वापाचला. कालवांच्या धारेवरून पाय जपत शेवटच्या डबक्यापर्यंत गेले. समुद्रफुलं उमललेली. एका दगडाच्या तोंडाशी खेकड्यांच्या रिकाम्या कवचांचा ढीग होता. बघत बसले, तर दगडाचाच एक भाग श्वास घ्यायला लागला! सावली पडताच तपकिरीचा पांढुरका झाला. सुमे, मी तुला मोठ्याने हाक मारली.

परतताना तीन पोरं भेटली. "काय गावला, काकी?" मी हात करून जागा दाखवली. इतकी आनंदात होते गं.

काल सहाला गेले तर तो दगड उताणा पडलेला. पोटाकडचा स्पंज सुकत चाललेला, कवचं विखुरलेली, बीळ रिकामं. दोन्ही हातांनी दगड पालथा घातला, पण होता तसा बसेना. ऑक्टोपस जगतोच वर्ष-दोन वर्षं, मादी तर अंडी राखताना खातही नाही आणि पिल्लं सुटली की मरते. तसंच झालं असेल, किंवा दुसऱ्या बिळात गेला असेल, असं रात्रभर घोकलं. पण डोळे मिटले की पोरांच्या हातात सळी दिसते. त्यांना विचारायचं धाडस होत नाही. मारला म्हणाली तर?

तू जागा का दाखवली नाहीस तेव्हा? मुद्दामच ना? खरं कळव.

घराचं रंगकाम उरकलं का? लेकीला दहावीवरून टोचू नकोस.

आणि यात्रेला ये. अमावास्येला देव तीर्थस्नानाला येतील, माणसं कातळावर चढतील. त्या डबक्याशी उभं राहून लोकांना वळवायला मला एकटीला जमणार नाही. सुकती पुन्हा सव्वापाचलाच. चपला नकोत, शेवाळावर घसरतात. जुने बूट आण.

तुझी,
मंगू