चिनी औषध पाठवत नाहीये, त्याबद्दल

शांघाय

ती. बाबा आणि आई, सा. न. वि. वि.

बाबा, तुमच्या सीओपीडीसाठी (फुप्फुसांतल्या श्वासाच्या वाटा अरुंद करणारा जुनाट आजार) काकांनी फोटो पाठवलेलं आणि तुम्ही मागितलेलं ते चिनी औषध मी पाठवणार नाही. फोनवर सांगितलं असतं तर "बरं बरं" म्हणून तुम्ही फोन आईकडे दिला असतात, म्हणून लिहितेय. पैशांचा प्रश्न नाही. चौकशी न करता नाही म्हणतेय असंही नाही.

इथे सीओपीडीचा दम उसळला की चिनी वैद्य नाडी बघतात, जीभ बघतात, कफ कसा पडतो ते विचारतात. पिवळा, घट्ट असेल तर उष्णतेचा, पांढरा फेसाळ आणि अंगात हुडहुडी असेल तर थंडीचा. दोन्हींचे काढे वेगळे. म्हणजे काकांनी फोटो पाठवलेली ती एकच डबी सगळ्यांना कशी चालेल, सांगा बरं? उष्णतेच्या काढ्यात माहुआंग नावाची वनस्पती, जर्दाळूच्या बियांचा गर, जिप्सम आणि ज्येष्ठमध. माहुआंगात एफेड्रिन असतं. छाती मोकळी होते, पण बीपी आणि ठोके वाढतात. ज्येष्ठमध फार झालं की पोटॅशियम उतरतं, आणि ते तुमच्या पंपाने (इनहेलरने), स्टिरॉइडनेही उतरतंच. तुमचं बीपी आधीच कसं आहे, आईला विचारा.

ॲडमिट केलेल्यांना थान-रे-छिंग नावाचं इंजेक्शन सलाइनमधून देतात. त्यात तीन वनस्पती, बोकडाचं शिंग आणि अस्वलाचं पित्त. (आई, नाक मुरडू नकोस.) अशा इंजेक्शनांची आपसात तुलना करणारे अभ्यास पुष्कळ आहेत. पण त्यांत ऑक्सिजन, अँटिबायोटिक, नेब्युलायझर चालूच असतं, चिनी औषध त्याच्या जोडीला. बऱ्याच चाचण्या छोट्या, आणि कुणाला काय दिलंय हे सगळ्यांना ठाऊक. फायदा दिसतो, नाही असं नाही, पण त्यावरून कोणतं सरस हे छातीठोकपणे सांगता येत नाही. पंप सोडून नुसतं हे घ्या, असं तर मला इथे कुणीच सांगितलं नाही.

एक मात्र मला आवडलं. हिवाळ्यातल्या दम्यासाठी भर उन्हाळ्यात पाठीवर पांढरी मोहरी आणि आल्याच्या रसाचा लेप लावतात. बघताना आई, तुझी ओव्याची पुरचुंडी आठवली, आणि बाबा, रात्रभर मला खांद्यावर घेऊन अंगणात फिरायचात ते. पण त्या लेपाने फोड येतात, घरी मुळीच करून बघायचा नाही!

फाउंड्रीच्या धुरा-धुळीतल्या वर्षांबद्दल मी काही बोलत नाही. तुम्ही आमच्यासाठीच केलंत.

आता ऐका. सांगलीच्या छातीच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, दादा गाडी घेऊन येईल. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस तिथेच विचारून घ्यायची. स्टिरॉइडचा पाच दिवसांचा कोर्स बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचा नाही आणि मनाने लांबवायचाही नाही. ऑक्सिजनचा आकडा ८८ ते ९२ मध्ये राहिला तर तुमच्या आजारात पुरे, ९८ व्हावा म्हणून मशीन वाढवू नका. ओठ निळे दिसले किंवा गुंगी आली तर माझ्या फोनची वाट न बघता सरळ दवाखाना. पंप ओढल्यावर चूळ भरायची. आई, स्पेसर (पंपाला जोडायची ती नळी) साबणाच्या पाण्यात धू, पण फडक्याने पुसू नकोस, तसाच वाळू दे.

बाद्वानजिन म्हणून उभ्याने करायचे सावकाश व्यायाम असतात, त्यांचा व्हिडिओ दादाला पाठवलाय. डॉक्टरांना दाखवा, ते हो म्हणाले तरच करा, आणि दोघांनी मिळून करा.

तुमची,
चिमी