‘ख्रिस्तपुराण’ एका ओवीवर थांबवू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मराठी भाषा गौरव दिनाच्या पुरवण्यांत फादर थॉमस स्टीफन्स यांची ‘जैसी हरळांमाजी रत्नकिळा’ ही ओवी हमखास भेटते. खाली ओळख असते ती ‘मराठीवर लुब्ध झालेला इंग्रज कवी’ एवढीच. मराठीवर त्यांचा जीव होता यात शंका नाही. पण तो जडला पाद्री म्हणून रोज करावे लागणाऱ्या कामातून. ते काम गाळले, तर ‘ख्रिस्तपुराण’ हे येशूची कथा सांगणारे ओवीबद्ध मराठी पुराण त्यांनी कोणासाठी रचले हेच वाचकाला उमगत नाही.

स्टीफन्स विल्टशायरचे. राणी एलिझाबेथच्या इंग्लंडमध्ये कॅथलिकांना उघडपणे उपासना करण्याची सोय नव्हती. १५७५मध्ये ते रोमला येशूसंघात (जेझुइट पाद्र्यांच्या संघात) दाखल झाले, एप्रिल १५७९मध्ये लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरले. १६१९मध्ये देह ठेवेपर्यंतची बहुतेक वर्षे त्यांनी गोव्यातल्या साष्टीत, मडगाव-रायतूरच्या परिसरात काढली. १५८३मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात, इथल्या भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनशी जुळते, हे त्यांनी नोंदवले आहे. भाषाभ्यासक सर विल्यम जोन्स यांनी हाच मुद्दा मांडला तो त्यानंतर दोनशे वर्षांनी.

त्यांच्यापुढची अडचण अगदी व्यवहारातली होती. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांकडून जुन्या पोथ्या काढून घेतल्या होत्या, पुराणश्रवण बंद झाले होते आणि त्या जागी ऐकायला काहीच नव्हते. पहिल्याच अवस्वरूत (स्टीफन्स अध्यायाला ‘अवस्वरू’ म्हणतात) एक ब्राह्मण पाद्री-गुरूला नेमके हेच विचारतो: जुनी पुराणे बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे का देत नाही? पुढचा सगळा ग्रंथ म्हणजे या प्रश्नाला दिलेले उत्तर. तक्रार रास्त आहे, हे स्टीफन्स यांनी मान्य केले, आणि आमच्या मते त्यांचा मोठेपणा इथे आहे.

भाषेची निवडही याच कामातून झाली. मुलांना शिकवायची दोत्रिन, म्हणजे धर्माची प्रश्नोत्तरे, त्यांनी कोंकणीत लिहिली. ती १६२२मध्ये, त्यांच्या मागे, रायतूरला छापली गेली. पुराणासाठी मात्र मराठी घेतली, कारण पोथी मराठीतच ऐकायची ही लोकांची सवय होती. त्यातही जुन्या मराठीतले अवघड शब्द सामान्य श्रोत्याला कळणार नाहीत म्हणून ते टाकून सोपे कोंकणी शब्द मिसळल्याचे त्यांनी प्रस्तावनेत सांगितले आहे. त्यामुळे तिथली कोंकणी रूपे ‘अशुद्ध’ समजून सुधारायला जाऊ नये.

ग्रंथाचे दोन भाग: पहिल्यात ३६ अवस्वरू, दुसऱ्यात ५९, ओव्या सुमारे ११,०००. एका ओवीला दहा सेकंद धरले, तर सगळा ग्रंथ मोठ्याने वाचायला साधारण तीस तास लागतात. एका अवस्वरूला सरासरी ११५ ओव्या येतात, म्हणजे वीस मिनिटे. रविवारी, सणावारी मिसेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, लोकांना बसवून ऐकवण्याच्या बेताचे हे माप आहे. दर रविवारी एक अवस्वरू धरला, तर पुराण पुरे व्हायला जवळजवळ दोन वर्षे जातात.

आता छपाईविषयी, कारण बहुतेक चुका इथेच होतात. १६१६ची पहिली आवृत्ती रोमी (रोमन) लिपीत निघाली, पण ती स्टीफन्स यांना देवनागरी नकोशी होती म्हणून नव्हे. इथल्या लिपीत पुस्तके छापावीत ही अनेक वर्षांची इच्छा त्यांनी १६०८मध्ये रोमला वरिष्ठांना कळवली होती. युरोपात चोवीस अक्षरांवर भागते, इथे सहाशे साचे ओतावे लागतील, ही अडचणही सांगितली होती. १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ तगला तो हस्तलिखितांवर, आणि १९०७मध्ये जोसेफ साल्ढाना यांनी मंगळूरहून काढलेल्या रोमी आवृत्तीवर.

रोमीत ट, ड, ण, ळ दाखवायला अक्षर जोडीने लिहीत. ‘पुराण’ लिहिताना एन दोनदा येई. नक्कल करणाऱ्याकडून एक अक्षर सुटले, की ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो. ऱ्हस्व-दीर्घ दाखवण्याची पक्की सोय त्या लिपीत नाही. म्हणून एकाच ओवीचे चार ठिकाणी चार पाठ दिसतात. लंडनमधले ‘मार्स्डेन प्रत’ म्हणून ओळखले जाणारे हस्तलिखित देवनागरीत आहे, पण त्या प्रतीत संस्कृत वळणाचे शब्द जास्त आहेत. तिचा पाठ साल्ढानांच्या पाठात मिसळला, तर तिसरेच काहीतरी तयार होते. पुरवण्यांत नेमके हेच होते. वर कोणीतरी ‘भासा’चे ‘भाषा’ करतो.

वाचू इच्छिणाऱ्यांसाठी देवनागरीत शांताराम बंडेलू (१९५६), कारिदाद द्रागो (१९९६) आणि नेल्सन फाल्काव (२००९) यांच्या आवृत्त्या आहेत. सुरुवात पहिल्या अवस्वरूपासून करावी. संवाद असल्यामुळे दोघांनी मिळून वाचता येतो. मग थेट दुसऱ्या भागात येशूजन्माकडे जावे. मनातल्या मनात वाचू नये. पहिल्या तीन चरणांचे यमक आणि चौथ्या आखूड चरणावरचा थांबा कानावर पडला, की अर्धे अडलेले शब्द आपोआप सुटतात.

आपल्याला विनंती एवढीच, की येत्या २७ फेब्रुवारीला त्या एका ओवीऐवजी पहिल्या अवस्वरूतला ब्राह्मण आणि पाद्री यांचा संवाद छापावा. वीस-पंचवीस ओव्या पुरेत. खाली ओवी क्रमांक आणि कोणत्या आवृत्तीतून घेतल्या ते द्यावे, आणि तीन-चार कोंकणी शब्दांचे अर्थ.

आपले,
‘ख्रिस्तपुराणा’चे काही वाचक, मडगाव