शरदाच्या आरंभी हलकी रेड वाइन

संपादक महोदय,

रेड वाइन म्हणजे जड आणि तुरट असलीच पाहिजे, हा समज आपल्याकडे रूढ असल्यामुळे फ्रान्समधील बोजोले प्रांताच्या वाइनकडे दुर्लक्ष होते, म्हणून हे पत्र. तेथील गामे या द्राक्षाची साल पातळ असते, आणि बहुतेक घड न चिरडता अखंडच आंबवले जात असल्याने वाइनमध्ये तुरटपणा कमी व फळांचा गंध अधिक उतरतो. (शेजारच्या बरगंडी प्रांताच्या ड्यूकने 1395 मध्ये हेच द्राक्ष हद्दपार करण्याचा हुकूम काढला होता!) बोजोलेतील 10 नामांकित गावपट्ट्यांच्या वाइनपैकी शरदाच्या आरंभी, दुपारी ऊन नि संध्याकाळी गारवा असताना, मी फ्लरी किंवा शिरूब्ल निवडीन, मोर्गाँ आणि मूलँ-आ-व्हाँ त्या मानाने भारदस्त असल्याने थंडीसाठी राखावीत. ‘नूव्हो’ची, म्हणजे त्याच वर्षीच्या द्राक्षांच्या ताज्या बोजोले वाइनची, वाट पाहू नये, कारण ती नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारीच विक्रीस येते. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा युरोपातील थंड घरांचा नियम आपल्या ऑक्टोबरच्या उकाड्यात पाळल्यास पेल्यात कोमट काढाच येईल. बाटली फ्रिजमध्ये पुरेशी गार करून 12 ते 14 अंशांवर उघडावी.

आपला,
एक वाचक, पुणे