हर्बेरियममधील नमुने: द्यावेत जरूर, पण नोंद करून

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोव्यात चतुर्थी जवळ आली की माटोळीला, म्हणजे गणपतीच्या मूर्तीवर टांगायच्या लाकडी चौकटीला, बांधायच्या रानफळांवर आणि रानफुलांवर बरेच लिहिले जाते, आणि एकाच फळाला पेडण्यात एक, सत्तरीत दुसरे व काणकोणात तिसरेच नाव कसे, यावरून वादही रंगतात. अशा वादांचा निकाल शेवटी लागतो तो हर्बेरियममध्ये, म्हणजे दाबून वाळवलेल्या वनस्पती जाड कागदाच्या शीटवर बसवून, कोणी, कोठून व केव्हा गोळा केल्या याच्या लेबलासह जिथे जपून ठेवलेल्या असतात तिथे. त्या शीट हाताळण्याचे आणि उसन्या देण्याघेण्याचे नियम बऱ्याचदा केवळ तोंडी चालतात, आणि त्याचे परिणाम काय होतात हे पाहिल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

सड्यावर पावसाळ्यात उगवणाऱ्या गेंदांचा (गोल गुच्छात बारीक फुले येणाऱ्या छोट्या रोपांचा) अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थिनीला घेऊन मी काही दिवसांपूर्वी एका संस्थेच्या संग्रहात गेलो होतो. (संस्थेचे नाव लिहीत नाही, तिथल्या माणसांनी आमचे स्वागत अगत्याने केले.) हव्या त्या जातीच्या फोल्डरमध्ये तीन शीट असल्याची नोंद होती, प्रत्यक्षात दोनच निघाल्या. पहिल्या शीटच्या मूळ लेबलावरील नाव कोणीतरी बॉलपेनने खोडून शेजारी नवे नाव लिहिले होते. दुसरीवर सुटलेली फुले व बिया ठेवण्यासाठी चिकटवलेली कागदी पुडी रिकामी होती. आणि गेंदाची जात तर सूक्ष्मदर्शकाखाली फुलाचे भाग व बीज पाहिल्याशिवाय ठरत नाही. तिसऱ्या शीटच्या जागी ‘सरांकडे’ एवढाच शब्द लिहिलेली चिठ्ठी होती. कोणते सर, कोणत्या साली, हे सांगणारे कोणी उरलेले नव्हते.

खोडलेल्या नावाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण हा दोष शिकल्यासवरलेल्या माणसांच्या हातूनच घडतो. जुनी ओळख चुकीची ठरली तरी तिला हात लावायचा नसतो. नवे नाव, ते ठरवणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहिलेली वेगळी छोटी चिठ्ठी मूळ लेबल व आधीच्या चिठ्ठ्या झाकणार नाही अशा बेताने शीटवर लावायची असते. ती शीट जुन्या नावानेच कोणत्या तरी वनस्पतिसूचीत किंवा प्रबंधात उल्लेखलेली असू शकते. ते नाव पुसले की पुढच्या अभ्यासकाला जुना उल्लेख आणि समोरचा नमुना यांची सांगड घालता येत नाही. शिवाय कालचा तज्ज्ञ चुकला तसा आजचाही चुकू शकतो, आणि तसे झाल्यास परतीची वाट त्या जुन्या चिठ्ठीवरूनच जाते.

हाताळण्याचे बाकीचे नियम साधे आहेत. शीट पुस्तकाच्या पानासारखी उलटायची नाही. चेहरा वर ठेवून, खाली पुठ्ठा धरून दोन्ही हातांनी उचलायची. टेबलावर चहा नको, शाईचे पेन नको, पेन्सिल चालेल. पूर्वी किडीपासून रक्षण व्हावे म्हणून नमुन्यांना मर्क्युरिक क्लोराइडसारखी विषारी द्रव्ये लावत असत, तेव्हा जुन्या शीट पाहिल्यावर हात धुणे हे पाहणाऱ्याच्याच हिताचे आहे. डीएनएसाठी पानाचा तुकडा हवा असेल तर आधी लेखी परवानगी घ्यावी, पुडीत सुटे तुकडे असल्यास ते प्रथम वापरावेत, आणि काय घेतले याची चिठ्ठी शीटवर लावावी.

उसनवारीचा मुख्य संकेत असा की ती संस्था आणि संस्था यांच्यात होते, माणसामाणसांत होत नाही. विद्यार्थ्याला नमुने हवे असतील तर त्याच्या संस्थेच्या प्रमुखाने पत्र द्यावे, नमुने त्या संस्थेच्या ताब्यात यावेत, तिथेच वापरले जावेत आणि तिसऱ्या कोणाकडे परस्पर जाऊ नयेत. मुदत सहसा सहा महिने ते एक वर्ष असते, आणि कारण असेल तर ती वाढवूनही मिळते. ज्या नमुन्यावरून एखाद्या जातीचे नाव प्रथम ठरवले गेले तो टाइप नमुना बाहेर पाठवण्याचे बहुतेक हर्बेरियम टाळतात किंवा त्यासाठी अधिक कडक अटी घालतात.

या सावधगिरीमागे कारणे आहेत. पॅरिसच्या संग्रहालयाने ऑस्ट्रेलियातील एका हर्बेरियमला उसने पाठवलेले एकोणिसाव्या शतकातील शंभराहून अधिक नमुने २०१७ साली तिथल्या जैवसुरक्षा अधिकाऱ्यांनी, कागदपत्रे अपुरी असल्याच्या कारणावरून, नष्ट केले. कागदपत्रांवर त्यांची किंमत नाममात्र दोन डॉलर लिहिलेली होती. याउलट मार्च १९४३ मध्ये बॉम्बहल्ल्यात बर्लिनचे हर्बेरियम जळाले, तेव्हा जे नमुने वाचले त्यांत इतर संस्थांकडे उसने गेलेलेही होते. म्हणून ‘काही झाले तरी बाहेर द्यायचेच नाही’ हा पवित्राही मला मान्य नाही. गोव्याला तर तो परवडणारा नाही, कारण इथून गोळा झालेले कितीतरी नमुने पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात आहेत. म्हणजे आपण देणारेही आहोत आणि मागणारेही.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो. जैविक विविधता अधिनियम, २००२ मधील कलम ३९ प्रमाणे नवी जात शोधणाऱ्याने ती अधिकृत भांडाराला (नमुने जपण्यासाठी सरकारने नेमलेल्या संस्थेला) कळवून तिचे नमुने तिथे जमा करायचे असतात. परदेशी संशोधकाला नमुने द्यायचे तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी किंवा केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत बसणारा सहयोगी प्रकल्प लागतो. ओळखीच्या पाहुण्याच्या बॅगेत दोन शीट घालून दिल्या, हे चांगुलपणाने केलेले कामही अंगाशी येऊ शकते.

नियम सांगणाऱ्याने स्वतःचेही सांगावे. माझ्या गुरुजींनी विश्वासाने हाती दिलेल्या दोन शीट माझ्या कपाटात अकरा वर्षे पडून होत्या. मागितल्या कोणी नाहीत, कारण नोंदच नव्हती. परत केल्या तेव्हा एकीची पाने कसरीने जाळीदार केली होती.

आपल्या वृत्तपत्राद्वारे राज्यातील महाविद्यालयांना व संशोधन संस्थांना माझी विनंती आहे की त्यांनी वापराचे व उसनवारीचे नियम मराठी, कोकणी व इंग्रजीतून लिहून संग्रहाच्या दारावर लावावेत, वर्षातून एकदा नोंदवही आणि कपाटे ताडून पाहावीत, आणि मुदत उलटलेल्या प्रत्येक नमुन्यासाठी संबंधितांना पत्र पाठवावे. एखादे वर्ष कोणालाही जाब न विचारता जुन्या शीट परत घेण्याचे जाहीर केले, तर माझ्यासारख्या अनेक निवृत्तांच्या माळ्यावरून काही ना काही खाली येईल, असा माझा अंदाज आहे.

ज्यांच्याकडे अशा शीट निघतील त्यांनी त्या थेट संग्रहाच्या खोलीत मात्र नेऊ नयेत. बाहेरून आलेल्या कागदात किडीची अंडी असू शकतात आणि आपल्या दमट हवेत ती शेजारच्या कपाटांत पसरायला वेळ लागत नाही. शीट दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून संग्रहाच्या प्रमुखांच्या हाती द्याव्यात. शून्याखाली वीस अंशांच्या शीतपेटीत आठवडाभर राहिल्यावरच त्यांनी आपल्या जागी जायचे असते.

आपला,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक,
डिचोली, गोवा