ऐंशी घोडे, बाराशे माणसं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

ऊसतोड मजुरांवरचा कार्यक्रम तुझ्याकडे आला हे कळलं आणि पहिल्यांदा आठवला तो अमेरिकेचा रेडिओ-टीव्ही पत्रकार एडवर्ड मर्रो. त्याचं नाव निघालं की लोक कुणालाही कम्युनिस्ट ठरवत सुटलेल्या सिनेटर मॅकार्थीवरच्या ९ मार्च १९५४ च्या कार्यक्रमाबद्दल बोलतात. तो मोठाच होता, पण त्यावर भरपूर लिहून झालंय. तू शेतकऱ्याच्या घरातला, म्हणून तुला वेगळं काही सांगावंसं वाटतं. मर्रो कशाची मोजदाद करायचा, तेवढंच.

१९०८ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या गिलफर्ड परगण्यात, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या शेतकरी कुटुंबात तो जन्मला. तीन भावांत धाकटा. घरात ना वीज, ना नळ. तो लहान असतानाच वडिलांनी शेती सोडून बिऱ्हाड देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या ब्लँचर्डला नेलं आणि लाकूडतोडीच्या रेल्वेवर नोकरी धरली. सुट्टीत पोरं आसपासच्या शेतांवर राबायची. शाळा संपल्यावर कॉलेजच्या खर्चासाठी मर्रो वर्षभर लाकूडतोड्यांच्या तळावर राहिला. बोलायला शिकवलं ते कॉलेजातल्या आयडा लू अँडरसन या बाईंनी. युद्धकाळात लंडनहून रेडिओवर बोलताना तो ‘धिस इज लंडन’ अशी सुरुवात करायचा; त्यातल्या ‘धिस’नंतर क्षणभर थांबायचं, ही सूचना त्यांचीच.

१३ मार्च १९३८ चा कार्यक्रम मी तुला मुद्दाम उलगडून सांगतो, कारण आज मोबाइलवर चुटकीसरशी होणारं काम तेव्हा कुठं कुठं अडायचं ते त्यात दिसतं. आदल्या दिवशी हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात शिरलेलं. न्यूयॉर्कहून सीबीएसनं, म्हणजे मर्रोच्या रेडिओ कंपनीनं, लंडनला त्याचा सहकारी विल्यम शायररला कळवलं: न्यूयॉर्कच्या रात्री आठला, म्हणजे लंडनच्या मध्यरात्री एकला, अर्ध्या तासाचा कार्यक्रम हवा, लंडन, पॅरिस, बर्लिन, रोम, व्हिएन्ना, सगळीकडून थेट. हाताशी तास आठ, आणि वार रविवार, त्यामुळे तंत्रज्ञ आणि अधिकारी घरी. ध्वनिमुद्रित आवाज बातम्यांत वापरायला तेव्हा बंदीच होती, म्हणजे आधी बोलून ठेवायची सोय नाही. मर्रो बर्लिनहून अख्खं विमान भाड्यानं घेऊन व्हिएन्नाला पोचलेला. आवाज आधी टेलिफोनच्या तारेनं लघुलहरी प्रक्षेपकापर्यंत जायचा आणि तिथून समुद्रापार. इशारा ऐकू येईलच याची खात्री नसल्यानं प्रत्येकाला सेकंदापर्यंतची वेळ ठरवून दिलेली: कानात काही आलं नाही तरी घड्याळ बघून सुरू करायचं, घड्याळ बघूनच थांबायचं. रोमची लाइन मिळालीच नाही. तिथल्या वार्ताहरानं मजकूर फोनवर सांगितला आणि शायररनं तो लंडनहून वाचला. पर्याय आधीच तयार असला की लाइन तुटूनही कार्यक्रम तुटत नाही, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

ऑगस्ट १९४० मध्ये ट्रॅफल्गर चौकात, सेंट मार्टिन चर्चच्या पायऱ्यांपाशी, हवाई हल्ल्याचा भोंगा वाजत असताना त्यानं माइक फूटपाथवर टेकवला. अमेरिकेतल्या श्रोत्यांना लंडनकरांच्या पावलांचा आवाज ऐकू आला. कुणी धावत नव्हतं, हे वेगळं सांगायची गरजच उरली नाही.

आता बुखेनवाल्ड. एप्रिल १९४५. जर्मनीतली ही नाझी छळछावणी मुक्त झाल्यावर तो आत गेला आणि तीन दिवसांनी रेडिओवर बोलला. त्यात विशेषणं फार थोडी आहेत. एका बराकीबद्दल त्याला सांगण्यात आलं की तिथं पूर्वी ऐंशी घोडे बांधत. आता त्यात बाराशे माणसं होती, एका फळीवर पाच. चोवीस तासांचं खाणं म्हणजे अंगठ्याएवढ्या जाडीचा पावाचा तुकडा, त्यावर जरासं मार्गारिन आणि थोडं कालवण. गोठ्यात किती जनावरं मावतात हे ज्याला लहानपणापासून ठाऊक असतं, त्याला ‘ऐंशी’ हा आकडा ऐकताच तो टिपून ठेवावासा वाटतो, असं मला मनापासून वाटतं.

पंधरा वर्षांनी तीच रीत टीव्हीवर दिसते. २५ नोव्हेंबर १९६०, थँक्सगिव्हिंग या मेजवानीच्या सणानंतरचा दिवस. अमेरिकेची पोटं भरलेली असताना सीबीएसनं फिरत्या शेतमजुरांवरचा ‘हार्वेस्ट ऑफ शेम’ दाखवला. फ्लोरिडातल्या बेल ग्लेडमध्ये पहाटे मजूर बोली लावून ट्रकात भरले जातात, तिथून सुरुवात. निर्माता डेव्हिड लो कित्येक महिने मजुरांमागून हिंडला होता. शेतावरचं बहुतेक काम त्याचं, निवेदन मर्रोचं. निवेदनात एक कायदा येतो: बाजारात नेल्या जाणाऱ्या गुरांना दर अठ्ठावीस तासांनी चारा, पाणी आणि पाच तासांचा विसावा द्यावाच लागतो. लगेच पुढे माणसांचा प्रवास येतो: दहा-दहा तास ट्रकात, मध्ये थांबा नाही. गुरांसाठी नियम आहे आणि माणसांसाठी नाही, हे ऐकणाऱ्याचं त्यालाच कळतं.

एक गोष्ट लपवत नाही. १९६१ मध्ये मर्रो सरकारी माहिती खात्याचा प्रमुख झाला आणि हाच कार्यक्रम बीबीसीनं दाखवू नये म्हणून त्यानं प्रयत्न केला. बीबीसीनं दाखवलाच. मला याचं दुःख आहे, पण त्यामुळे कार्यक्रम खोटा ठरत नाही.

आता तुझ्या कामाचं. फडावर जाशील तेव्हा ‘हलाखी’, ‘व्यथा’ हे शब्द वहीत येऊच देऊ नकोस. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती घेतली, ती टनाला कोणत्या दरानं फिटते, एक कोयता म्हणजे नवराबायको मिळून दिवसाला किती टन तोडतात, ते विचार. उत्तर मुकादमाकडून घे, फडावर चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयकडून घे आणि वजनकाट्याची पावती स्वतः बघ. तिन्ही आकडे जुळत नसतील तर तीच बातमी. गावाहून निघाल्यापासून फडावर पोचेपर्यंत ट्रॅक्टर किती तास चालला, किती वेळा थांबला, बायकांना आडोसा मिळाला का, पाणी त्यांच्या कोपीपासून, म्हणजे झोपडीपासून, किती लांब आहे, तेही विचार. गाडीवान टोळीत बैलांना वैरण कधी पडते, ते कधी सोडतात, हे लिहून घे आणि शेजारच्या रकान्यात त्या घरातली बाई कधी उठते, कधी जेवते, कधी आडवी होते ते लिही.

आवाजाची काळजी घे. पाचट पायाखाली इतकं वाजतं की बोलणं बुडून जातं. म्हणून मुलाखतीच्या वेळी माणसाला उभं कर किंवा बसव, पावलं हलू देऊ नकोस, माइक तोंडापासून वीतभर ठेव आणि त्यावर वाऱ्याचं आवरण चढव. कोयत्याचा घाव, पाचटाची सळसळ, मोळी खांद्यावर घेतानाचा श्वास हे वेगळे, प्रत्येकी मिनिटभर, कुणीही न बोलता घे. संहिता लिहून झाली की फोनवर मला मोठ्यानं वाचून दाखव. जिथं तुझा श्वास अडकेल तिथं वाक्य तोडू.

घरी सगळ्यांना नमस्कार, लहानग्यांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना मित्र