इंटरनेटची तार टाकताना कोकणचा पाऊस लक्षात घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दक्षिण रायगडात आम्ही पूर्वी केबल टीव्हीच्या आणि आता इंटरनेटच्या जोडण्या देतो. गावात नवी लाइन येणार म्हटले की ग्रामपंचायतीत दोनच गोष्टी विचारल्या जातात. स्पीड किती देणार आणि महिन्याला किती घेणार? विचारणे रास्तच आहे. पण तालुक्यापासून गावापर्यंत आणि गावातून घरापर्यंत तार कशी येणार, याची चौकशी त्याआधी व्हायला हवी. ती होत नाही, आणि निवड चुकली की गाव पुढे वर्षानुवर्षे तक्रारी करत बसते.

आमच्या भागात सुरुवातीला तांब्याची लॅन केबल खांबाखांबावरून ओढली गेली. ती जेमतेम शंभर मीटर चालते, म्हणून दर शंभर मीटरवर नेट पुढे वाटणारे एक यंत्र, म्हणजे नेटवर्क स्विच, त्याला पत्र्याची पेटी आणि जवळच्या घरातून घेतलेला वीजपुरवठा. त्या घरच्या मंडळींनी मुंबईला जाताना मेन स्विच बंद केला, की पुढच्या अख्ख्या आळीचे नेट बंद. मृगाचा पहिला कडकडाट झाला की एका रात्रीत रांगेने स्विच जळायचे आणि त्यांच्या मागे घरातले राउटरही. पहिला खर्च कमी म्हणून केलेली ही निवड दर पावसाळ्यात पैसे मागत राहिली.

आता बहुतेक जण 'जीपॉन' पद्धतीची फायबर टाकतात. तालुक्याच्या ठिकाणी प्रकाशातून नेट पाठवणारे 'ओएलटी' नावाचे मुख्य यंत्र, ग्राहकाच्या घरी तो प्रकाश घेणारा छोटा 'ओएनयू', आणि मध्ये काचेची तार व प्रकाश विभागणारे स्प्लिटर. या मधल्या टप्प्यात कुठेही वीज लागत नाही, ओएलटीपासून २० किलोमीटरपर्यंतची घरे जोडता येतात आणि काचेतून विजेचा लोळ घरात शिरत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा भागात खांब आडवे झाले, नारळी-पोफळी मोडून तारांवर पडल्या. त्यात फायबरही तुटली, ती काही वादळापेक्षा बळकट नाही. पण तार पुन्हा सांधली की एका जागी जनरेटर चालवून गावेच्या गावे सुरू करता येतात, आणि घरचा ओएनयू छोट्या बॅटरीवर चालतो. आठवडेच्या आठवडे वीज नसलेल्या गावांत याचे मोल काय, ते त्या वेळी मुंबई-पुण्याहून घरी फोन लावत बसलेल्यांना विचारावे.

फायबर टाकली म्हणजे झाले, असेही नाही. खरी गफलत होते ती हिशेबात. जीपॉनच्या एका पोर्टवर, म्हणजे ओएलटीच्या एका तोंडावर, उतरणारा वेग सुमारे २.५ गिगाबिट. तो ६४ घरांत वाटला तर सगळे एकदम बसल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला ३९ मेगाबिटच्या आसपास येतात, ३२ घरांत वाटला तर ७८. एका पोर्टवर जास्त घरे चढवली की जोडणी स्वस्तात पडते, म्हणून ६४ चा मोह सगळ्यांनाच होतो.

प्रकाशाचा हिशेब त्याहून महत्त्वाचा आहे. नेहमीच्या जोडणीत ओएलटीपासून घरापर्यंत प्रकाशात साधारण २८ डेसिबलची (घट मोजायचे माप) घट चालते. ६४ घरांच्या विभागणीतच २० - २१ डेसिबल जातात. आठ किलोमीटर तार धरली तर आणखी तीनेक. उरलेल्या चार-पाचात सगळे कनेक्टर आणि सगळे सांधे बसवायचे. पहिल्या दिवशी ते बसतात. मग रस्त्याच्या कामावरचा जेसीबी तार तोडतो, गणपतीआधी फांदी पडते, माकडे खांबावरून घरात येणारी ड्रॉप केबल ओढतात, आणि प्रत्येक दुरुस्तीत एखादा सांधा, एखादा कनेक्टर वाढतो. दोन-तीन पावसाळ्यांत प्रकाश मोजणाऱ्या पॉवर मीटरवरचा आकडा उणे २७ च्या खाली जातो आणि ओएनयूवर लाल दिवा लुकलुकू लागतो. यंत्र खराब समजून ग्राहक ते बदलून मागतो. यंत्र ठीकच असते, पण घरापर्यंत पुरेसा प्रकाश पोचत नसतो. ३२ वर थांबले तर याच तारेला आणखी तीन-साडेतीन डेसिबलची मोकळीक मिळते. कोकणात ती लागतेच, असे माझे ठाम मत आहे.

खर्चात हात आखडायचाच असेल तर तो यंत्रांवर आखडावा, तारेवर नको. यंत्रे पाच-सात वर्षांत जुनी होतात. नीट टाकलेली फायबर वीस-पंचवीस वर्षे चालते. जीपॉनच्याच तारेवरून वेगळ्या तरंगलांबीने दहा गिगाबिटची 'एक्सजीएस-पॉन' सेवा देता येते, त्यासाठी रस्ता पुन्हा खणावा लागत नाही. म्हणून आज सहा कोअर, म्हणजे तारेतले काचेचे धागे, पुरत असतील तरी चोवीस कोअरची तार टाकावी. जांभ्याचा कातळ फोडायला जी मजुरी पडते, तिच्यापुढे जादा कोअरची किंमत किरकोळ आहे. यंत्र घेतानाही एक पथ्य पाळावे लागते. १५ जून २०२१ पासून दूरसंचार परवानाधारकांना नवी उपकरणे सरकारने मान्य केलेल्या विश्वासार्ह स्रोतांकडूनच जोडावी लागतात. बाजारात मिळेल ते स्वस्त यंत्र उचलणाऱ्याला हे नंतर महागात पडते.

बिनतारी जोडणीला माझा विरोध नाही. ५ गिगाहर्ट्झचा बराच पट्टा २०१८ पासून परवान्याविना वापरता येतो. खाडीपलीकडच्या दहा घरांच्या वाडीसाठी किंवा तार तुटल्यावरची पर्यायी सोय म्हणून ती उत्तमच. मात्र समोरासमोर दृष्टी हवी. मे महिन्यात जुळवलेला अँटेना श्रावणात झाडे फोफावली की आंधळा होतो, हे गृहीत धरूनच ती निवडावी.

सरकारी पातळीवरही हा धडा पदरी पडला आहे. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे 'भारतनेट' नाव मिळालेल्या योजनेत तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत बहुधा सरळ रेषेत एकच तार गेली. एका ठिकाणी तुटली की पुढची सगळी गावे बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेटला मंजुरी मिळाली. तीत तार कड्यासारखी फिरवून दोन बाजूंनी गावात आणण्याची आणि दहा वर्षे देखभालीची तरतूद आहे. खाजगी व्यावसायिकांनीही हेच करायला हवे. घाटातून एकच वाट असेल तर शेजारच्या तालुक्यातल्या व्यावसायिकाशी कोअरची अदलाबदल करावी. आम्ही तसे केले आणि साकव वाहून गेल्यावरही गाव सुरू राहिले.

रस्ते खणणाऱ्यांसाठी मार्च २०२३ पासून 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आहे. खणण्याआधी त्यावर कळवले तर तिथल्या तारेच्या मालकाला निरोप जातो. आमच्याकडे एका कंत्राटदाराने भर पावसात साइडपट्टी खणताना न कळवता तार तोडली, आणि चिखलात ताडपत्रीखाली बसून काचेचे केसासारखे धागे सांधण्याची वेळ आमच्या कामावरच्या मुलांवर आली. ग्रामपंचायतीने रस्त्याच्या कामाला ना-हरकत देतानाच आधी कळवण्याची अट घालावी. डांबर पडण्याआधी एक रिकामा पाइप टाकून घ्यावा, म्हणजे पुढे कोणत्याही कंपनीला तो भाड्याने देता येईल आणि रस्ता शाबूत राहील.

भारतनेटचे असो वा खाजगी, नवे काम सुरू होण्याआधी ग्रामसभेत येणाऱ्या माणसाकडून चार गोष्टी लेखी घ्याव्यात, अशी आपल्या वाचकांना विनंती आहे. दुसरी तार कोणत्या रस्त्याने येणार, एका पोर्टवर किती घरे, मोकळे कोअर किती आणि तालुक्याच्या ठिकाणी बॅकअप किती तासांचा. त्यासोबत तारेच्या मार्गाचा नकाशा ग्रामपंचायतीच्या दप्तरात जमा करून घ्यावा.

आपला,
एक इंटरनेट-केबल व्यावसायिक, दक्षिण रायगड