पासवर्ड दिसणार नाही हे आधीच सांगितलंत, त्याबद्दल थँक्यू दादा

दादा,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

लॅपटॉप जुना होता पण धडधाकट. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते ती यात नाही, आणि चांगलं चालणारं मशीन तेवढ्यासाठी भंगारात द्यायचं मला पटेना. म्हणून विंडोजऐवजी उबंटू २४.०४ ही लिनक्स सिस्टिम टाकली. इन्स्टॉल नीट झालं पण वायफायच नाही, आजूबाजूचं एकही नेटवर्क दिसेना.

मग ज्यांना ज्यांना येतं त्यांना विचारत सुटले. एक म्हणाला मॅन पेज (कमांडचं माहितीपान) वाच, कशाचं ते सांगितलं नाही. दुसऱ्याने उबंटूच कशाला घेतलंस, आर्च हे दुसरं लिनक्स टाक म्हणून लांबलचक लेक्चर दिलं. तिसरा म्हणे नेटवरून ड्रायव्हर उतरव, अरे नेट नाही म्हणून तर विचारतेय ना बाबा! आणि एकाने हसरी इमोजी लावून आरएमची, म्हणजे फायली उडवणारी, एक कमांड पाठवली, जी मी चालवली असती तर होम फोल्डरमधलं सगळं गेलं असतं, फोटो, कागदपत्रं, सगळं, आणि आरएमने उडवलेलं ट्रॅशमध्येसुद्धा जात नाही. नवीन माणसाची अशी मजा घेताना काय मिळतं लोकांना, मला खरंच कळत नाही. अजून आठवलं की राग येतो.

तुम्हाला ती कमांड वाचून दाखवली तेव्हा तुम्ही क्षणभर गप्प झालात, मग म्हणालात, "ही चालवू नका. आणि यापुढे कोणीही कमांड दिली, मी दिली तरी, यातला प्रत्येक शब्द काय करतो ते आधी विचारा." मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग, म्हणजे मोबाइलचं नेट केबलमधून लॅपटॉपला देणं, ऑन करायला लावलंत आणि नेट लगेच सुरू! एवढी साधी गोष्ट, इतक्या जणांपैकी एकालाही सुचू नये? पुढचं ड्रायव्हरचं वगैरे सगळं इथे लिहीत बसत नाही.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. सुडोची, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालणारी, पहिली कमांड टाइप करून झाली, एंटर मारणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "थांबा, आता पासवर्ड मागेल. टाइप करताना स्क्रीनवर काहीच दिसणार नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बंद पडलेला नसतो, मागे उभ्या असलेल्याला पासवर्ड किती अक्षरी आहे तेही कळू नये म्हणून तसं असतं. निवांत टाइप करा." आणि तसंच झालं, मी अक्षरं दाबतेय, कर्सर जागचा हलत नाहीये, पण मला माहीत होतं ना! घाबरले नाही. एंटर मारला आणि धडाधड ओळी यायला लागल्या.

दादा, हे तुम्ही मी अडकल्यावर नाही सांगितलंत, अडकायच्या आधी सांगितलंत. तुम्हाला इतकी वर्षं झाली या सगळ्यात, तरी समोरचा नेमका कुठे बिचकेल हे तुमच्या लक्षात असतं. मला वाटतं कमांडा पाठ असणारे पुष्कळ सापडतील पण असं लक्षात ठेवणारे फार कमी, आणि खरं शिकवणं तेच करतात. एरवी जिथे तिथे कमी लेखून घेतल्यावर असं कोणी भेटलं की भरून येतं हो.

आणि प्रश्न विचारणाऱ्याला हसणाऱ्यांनी एक आठवावं, जुलै १९९१ मध्ये पॉझिक्सचं (युनिक्ससारख्या सिस्टिमच्या नियमांचं) स्टँडर्ड कुठे मिळेल म्हणून लोकांना विचारणारा, पुढे लिनक्स बनवणारा लिनस टोरवाल्ड्स हा विद्यार्थीच होता. तेव्हा त्याला कोणी पिटाळून लावलं असतं तर?

बाकी, तुम्ही म्हणालात तसं सिस्टिमचा बॅकअप घेणारं टाइमशिफ्ट टाकलंय. त्यात होम फोल्डर आपोआप येत नाही हे लक्षात आहे, त्याची वेगळी कॉपी बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतलीये. प्रिंटर मात्र अजून रुसलेला आहे. रविवारी फोन करते, वेळ असेल ना?